आधी आवाजाला वाट

पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुक्ताईनगरात आज आई-वडील गावी आणि मुले दूरगावी, अशी घरे पुष्कळ आहेत. दिवेलागणीनंतरचा फोन हाच त्यांचा दुवा. समजा, पुण्याहून लेक सांगते, “आई, डॉक्टर म्हणाले, बाबांना ती गोळी आता द्यायची नाही.” आणि नेमका शेवटचा शब्द तुटतो. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. तो गळाला की अर्थच उलटा होतो.

अशा वेळी दोष इंटरनेटच्या वेगाला दिला जातो आणि अधिक महाग योजना घेतली जाते. वास्तविक संभाषणाला फार वेग लागत नाही. आवाजाचे साधारणतः २० मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला ५० पॅकेट पाठविली जातात. साध्या दूरध्वनीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे ८० किलोबिट पुरतात. मात्र ती पॅकेट वेळेवर पोहोचली पाहिजेत. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

अडचण उद्भवते ती घरातील राउटरच्या दारात. नातवाच्या मोबाइलमधील छायाचित्रे साठवणीसाठी जाऊ लागली की राउटरमध्ये रांग लागते. अपलोडचा वेग १० मेगाबिट आणि रांग एक मेगाबाइटची असेल, तर मागे उभ्या राहिलेल्या आवाजाला ८०० मिलिसेकंद थांबावे लागते. छायाचित्र क्षणभर उशिरा गेल्याने काही बिघडत नाही. उशिरा आलेला शब्द मात्र निरुपयोगी ठरतो.

उपाय राउटरच्या ‘क्यूओएस’ या सोयीत आहे. प्रथम घरातील इतर वापर थांबवून वेग मोजावा. राउटरमध्ये अपलोड व डाउनलोडची मर्यादा त्याच्या सुमारे ९० टक्के ठेवावी, म्हणजे रांग बाहेरच्या यंत्रात न लागता आपल्याच हाती राहते. मग आवाजाला पहिला क्रम द्यावा. त्यासाठी पॅकेटवर ४६ हा खुणेचा क्रमांक वापरण्याची पद्धत आहे. सर्वच ॲप ही खूण जपत नाहीत. तेव्हा ज्या फोनवरून बोलणे होते, त्या फोनलाच प्राधान्य द्यावे. वायफायची ‘डब्ल्यूएमएम’ सोय चालू ठेवावी. राउटरमध्ये ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ असल्यास तेच निवडावे. ते रांग वाढू देत नाहीत. प्रत्येक उपकरणाला पहिला क्रमांक देऊ नये. सगळेच पहिले झाले, तर पहिला कोणीच उरत नाही.

घराबाहेरच्या वाहिनीतील बिघाड याने दूर होणार नाही. तरी परीक्षा सोपी आहे. एखादी मोठी चित्रफीत पाठवायला लावावी आणि त्याच वेळी लेकीला फोन करावा. तिच्या वाक्यातील शेवटचा ‘नाही’ स्पष्ट ऐकू आला, की काम साधले.