'अश्वगंधा' लिहिलंत, पण कोणती?

सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'अश्वगंधेचा मानसिक ताणावर होणारा परिणाम' असं लिहिलंत, की समितीतलं कुणीतरी विचारतंच: कोणती अश्वगंधा? प्रश्न खोचक वाटतो, पण तो तुम्हाला अडवायला विचारलेला नसतो. वनौषधींवरच्या संशोधनातले बरेचसे वाद या एका प्रश्नाचं उत्तर आधी न दिल्यामुळे उभे राहतात, असं माझं मत झालंय. कसं ते बघू.

विथानिया सोम्निफेरा ही वांगी-टोमॅटोच्या कुळातली वनस्पती. आपल्याकडे तिला आस्कंदही म्हणतात. मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा, आणि 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी. नाव एकच, पण त्या नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू फिरतात. घरात दुधात उकळून घेतात ते वाळलेल्या मुळाचं चूर्ण. औषधाच्या दुकानात कॅप्सूलमध्ये मिळतो तो बहुतेक वेळा अर्क, ज्यात विथॅनोलाइड्स या रसायनांच्या गटाचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं. आणि तिसरी वस्तू म्हणजे पानं. पानांत विथाफेरिन ए हे रसायन मुळांपेक्षा बरंच जास्त असतं. ते पेशींना मारक आहे, म्हणून तर कॅन्सरवर काम करणाऱ्यांना त्यात रस. आता व्यवहार बघा. मूळ काढायचं तर अख्खं झाड उपटावं लागतं, पानं मात्र स्वस्तात भरपूर मिळतात. अर्कात फक्त 'एकूण विथॅनोलाइड्स इतके टक्के' एवढंच मोजलं, तर त्यात पानं मिसळली आहेत का हे त्या आकड्यावरून कळत नाही. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं सांगितलं, ते उगाच नाही.

अर्क कशात काढला, यानेही गोष्ट बदलते. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पानांच्या पाण्यातल्या अर्काने उंदरांची झोप वाढली, पण विथॅनोलाइड्स भरपूर असलेल्या अल्कोहोलमधल्या अर्काने वाढली नाही. झोपेचं श्रेय त्यांनी ट्रायएथिलीन ग्लायकॉल या अगदी वेगळ्याच रेणूला दिलं. म्हणजे लेबलवर ज्याचे टक्के अभिमानाने छापतात, त्याचा या विशिष्ट परिणामाशी संबंधच दिसला नाही. प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांबद्दल त्यावरून काही सांगता येणार नाही. पण 'सक्रिय घटक कोणता' हे गृहीत धरायचं नसतं, तपासायचं असतं, एवढं त्यातून नक्की घ्या.

आता माणसांवरच्या चाचण्या. सगळ्यात जास्त उद्धृत होणारी चाचणी २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सायकोलॉजिकल मेडिसिनमध्ये आली. ६४ लोक, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, दुसऱ्या गटाला प्लासिबो. पर्सीव्ड स्ट्रेस स्केलवरचे गुण अर्काच्या गटात सुमारे ४४ टक्क्यांनी उतरले, प्लासिबोच्या गटात जेमतेम साडेपाच टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉलही अर्काच्या गटात जास्त उतरलं. असा पेपर हातात आला की आपण पहिल्या आकड्याकडे बघतो. मी म्हणेन, दुसऱ्याकडे बघा.

साडेपाच टक्के म्हणजे फारच कमी. ताणाच्या चाचणीत लोक दाखल होतात तेच मुळी ताण चढलेला असताना. चढलेली गोष्ट काही आठवड्यांनी आपोआपच थोडी खाली येते. त्यात कुणीतरी विचारपूस करतंय, तपासण्या करतंय, यानेही बरं वाटतं. त्यामुळे प्लासिबोच्या गटातही चांगली सुधारणा दिसायला हवी. ती दिसत नसेल तर विचारायचं: लोकांना आपण कोणत्या गटात आहोत हे कळलं होतं का? आणि इथे वनस्पतीचं नावच आडवं येतं! जिला तिच्या वासावरून ओळखतात, तिची बिनवासाची नक्कल देऊन चाचणी 'अंध' कशी राहील? त्या चाचणीत असंच झालं, असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या चाचणीत प्लासिबोचा वास, रंग, कॅप्सूलचं वजन यांचं काय केलंत ते लिहा, आणि शेवटी प्रत्येकाला 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?' हे विचारून उत्तरं नोंदवा. याला खर्च शून्य येतो. तरी फार थोडे लोक करतात.

कॉर्टिसॉलचं थोडक्यात: ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. रक्त किती वाजता घेतलं हे दिलेलं नसेल तर टक्केवारी बाजूला ठेवा.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?' हा प्रश्न नातेवाईक विचारतील, समितीही विचारेल. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून अश्वगंधेची उत्पादनं घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आपल्या जवळचं उदाहरण गुळवेलीचं. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, आणि २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, नसून तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, तरी वाद शमला नाही. बाजू कोणतीही घ्या, पण प्रश्न तोच आहे हे बघा: त्या माणसाने नेमकं काय खाल्लं? अंगणातल्या वेलीचा तुकडा जपून ठेवायचं कुणाला सुचणार? चाचणी करणाऱ्याला मात्र सुचलंच पाहिजे.

तर सिनॉप्सिसमध्ये 'अश्वगंधा' या शब्दाऐवजी असं वाक्य लागेल: वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव, कोणता भाग, कुठून आणि कोणत्या महिन्यात आणला, कोणत्या द्रावकात अर्क काढला, किती कच्च्या मालापासून किती अर्क मिळाला, विथॅनोलाइड्स आणि विथाफेरिन ए वेगवेगळे किती, नमुना कुठे जमा केला. वाक्य लांबलचक होईल, होऊ द्या. ओळख पटवून घ्यायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. जाताना दुकानातलं चूर्ण नेऊ नका. फुलं किंवा फळं असलेली फांदी मुळासकट नेलीत तर काम सोपं होतं. हे अर्क काढण्याच्या आधी करायचं. प्रबंध लिहायला बसल्यावर झाड शोधायला निघालात, तर तुम्ही वापरलेलं झाड तेच होतं हे कुणीच सांगू शकणार नाही.