ढालीचा धनी एकच: स्कॉटलंडमधील क्लॅन आणि कुलचिन्हे

स्कॉटलंडच्या कायद्यात घराण्याचे सामाईक कुलचिन्ह असे काही नसतेच. ढालीवर रंगवलेले चिन्ह एका वेळी एकाच व्यक्तीच्या मालकीचे असते आणि तिच्या पश्चात ते मुख्य वारसाकडे जाते. एडिंबरोच्या दुकानांत आडनावागणिक मांडलेले पेले आणि कीचेन पाहून याच्या अगदी उलट समज होतो. परंतु चिन्हे बहाल करण्याचा, नोंदवण्याचा आणि त्यांवरून उठणाऱ्या तंट्यांचा निवाडा करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो लॉर्ड लायन हा राजनियुक्त अधिकारी या बाबतीत कमालीचा काटेकोर असतो. १६७२च्या कायद्याने सर्व चिन्हांची एकच नोंदवही घालून दिली आणि नोंदीविना चिन्ह मिरवणाऱ्याला शंभर पौंड दंड, शिवाय ते ज्या वस्तूंवर कोरले असेल त्या वस्तूंची जप्ती, अशी शिक्षा सांगितली. ती नोंदवही आजही चालू आहे आणि लायनच्या न्यायालयाला आजही स्वतःचा सरकारी वकील आहे.

धाकट्या मुलांना बापाची ढाल जशीच्या तशी वापरता येत नाही. त्यांनी लायनकडे अर्ज करून ढालीला वेगळ्या रंगाची किंवा वेगळ्या कातरीची किनार लावून घ्यायची असते, त्यामुळे जाणकाराला ढालीवरूनच थोरली पाती कोणती आणि धाकटी कोणती हे ओळखता येते. १८१९ ते १८२७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे चौथे चिरंजीव, म्हणजे या नियमाने वडिलांची मूळ ढाल त्यांच्या वाट्याची नव्हतीच.

ढालीवरची चित्रेही निव्वळ शोभेसाठी नसतात. डग्लस घराण्याच्या मूळ ढालीत रुपेरी पृष्ठावर वरच्या बाजूला निळा पट्टा आणि त्यात तीन तारे एवढेच होते. १३२९ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूस वारला, तेव्हा त्याचे हृदय पवित्र भूमीकडे नेण्याची कामगिरी सर जेम्स डग्लसवर आली, पण तो १३३० मध्ये स्पेनमधील तेबा येथे मूरांशी लढताना मारला गेला. हृदय मायदेशी परत आले, आणि डग्लसांच्या ढालीवर ताऱ्यांखाली एक लाल हृदय उमटले. पुढे त्यावर मुकुटही चढला.

मग ज्यांना ढाल नाही अशा हजारो लोकांचे आपल्या घराण्याशी, म्हणजे क्लॅनशी, नाते काय, असा प्रश्न उरतो. गेलिक भाषेत ‘क्लॅन’ या शब्दाचा अर्थ मुले, लेकरे असा आहे आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. तरी क्लॅनमधील सगळे एकाच रक्ताचे होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल, कारण प्रमुखाच्या जमिनीवर राहणारे आणि त्याच्या आश्रयाला आलेले लोकही त्याचेच नाव लावत. नाव किती सहज बदलत असे, हे मॅकग्रेगरांच्या इतिहासात दिसते. १६०३ मध्ये ग्लेन फ्रूनच्या लढाईत त्यांनी कोहून क्लॅनच्या लोकांची कत्तल केल्यावर ‘मॅकग्रेगर’ हे नाव लावणेच देहदंडाचा गुन्हा ठरले, आणि लोकांनी मरे, ग्रँट, ड्रमंड अशी आडनावे घेतली. त्यांच्यातल्या प्रसिद्ध रॉब रॉयनेही आईचे कॅम्बेल हे नाव लावले. मधली काही दशके सोडली तर ही बंदी थेट १७७४ पर्यंत टिकली.

या अनुयायांची सोय एका छोट्या बिल्ल्याने केली आहे. शिरस्त्राणावर जे चिन्ह बसवलेले असते त्याला तुरा म्हणता येईल. प्रमुखाचा तो तुरा मध्ये, आणि त्याभोवती बकल लावलेला, टोक खाली दुमडलेला चामडी पट्टा, ज्यावर प्रमुखाचे बोधवाक्य लिहिलेले असते. मॅक्लाउडांच्या बिल्ल्यात दोन निशाणांमध्ये बैलाचे डोके आहे आणि पट्ट्यावर ‘घट्ट धरून ठेवा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. येथे तुरा प्रमुखाचाच राहतो, पट्टा मात्र आपण त्याचे माणूस असल्याची खूण असतो. खुद्द प्रमुखाच्या बिल्ल्याला पट्टा नसतो. साधे कडे आणि त्यामागे गरुडाची तीन पिसे असतात, शाखाप्रमुखाला दोन, आणि स्वतःची नोंदलेली ढाल असणाऱ्याला एक.

१७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर जॅकोबाइटांचे, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचे, बंड चिरडले गेल्यावर संसदेने प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले आणि डोंगरी पोशाखावर बंदी घातली. ती १७८२ मध्ये उठली. ज्याला लोक प्राचीन समजतात तो क्लॅनवार ठरलेला टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचे लोकरी कापड, बराचसा त्यानंतरचा आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने मांडलेल्या थाटामाटाने टार्टनची हौस देशभर पसरली. प्रमुखपदाची मान्यता मात्र आजही लायनच्या दफ्तरातूनच मिळते. बुकानन क्लॅनचा जुना प्रमुख १६८१ मध्ये वारला आणि त्यानंतरचा प्रमुख, वंशावळीचे पुरावे तपासून, थेट २०१८ मध्ये मान्य झाला. तीन पिसांचा बिल्ला लावण्याचा बुकाननांचा मान मधली ३३७ वर्षे कुणाकडेच नव्हता.