पिंप, चेंडू आणि स्थळ

आमच्याकडे रविवारी सकाळी एक विद्यार्थिनी येते. यंत्र-अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती शिकवणीसाठी येत नाही, प्रश्न विचारण्यासाठी येते; आणि ते प्रश्न पाठ्यपुस्तकातले क्वचितच असतात. नागपुरात माठातले पाणी जसे गार होते तसे मुंबईत का होत नाही? (मुंबईची हवा आधीच ओलसर, म्हणून माठाच्या अंगावरले पाणी तेथे झपाट्याने सुकत नाही.) रेल्वेची जुनी खडखड कोठे गेली? (रूळ आता एकमेकांना वितळवून जोडतात, मधली फट गेली, तिच्याबरोबर तो ठेकाही गेला. आम्हांला त्याची अजून चुटपुट लागते.) असे हे प्रश्न.

गेल्या उन्हाळ्यात तिने चेंडूचा प्रश्न काढला. तिचा धाकटा भाऊ क्रिकेट खेळतो. चेंडू जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून फेकला की सर्वांत लांब जातो, हे तिने त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, “मग सीमारेषेवरून फेकताना मी कोनमापक घेऊन उभा राहू काय?” प्रश्न चेष्टेचा खरा, पण उत्तर चेष्टेचे नाही. हवेचा अडथळा सोडून दिला आणि गणित केले, तर ४५ अंशांत फेकलेला चेंडू १०० मीटर जात असेल तेव्हा ४० अंशांत फेकलेला सुमारे साडेअठ्ठ्याण्णव मीटर जातो. ५० अंशांत फेकलेलाही तितकाच. पाच अंशांची चूक झाली, आणि शंभरातले दीड मीटर गेले. उलट चेंडू १५ अंशांत फेकला तर अंतर एकदम निम्म्यावर येते.

याचे कारण कोणत्याही टेकडीवर चढून गेलेल्या माणसाला ठाऊक असते. चढण कितीही उभी असो, अगदी माथ्यावर पाऊल ठेवले की तेथे चढ नसतो. असता तर आणखी वर चढता आले असते, म्हणजे तो माथाच नव्हता! उतारही तेथून लगेच लागत नाही. चार पावले इकडे, चार पावले तिकडे गेले तरी उंची जवळजवळ तीच राहते. गणिती याला महत्तम बिंदू म्हणतात आणि तेथे वक्राचा उतार शून्य असतो असे सांगतात. सांगणे तेच.

पंचांग पाहणाऱ्यांनी ही गोष्ट सूर्याच्या बाबतीत पूर्वीच पाहिलेली आहे. २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा. पुण्यासारख्या ठिकाणी त्याच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात दिवसमान एका मिनिटानेही बदलत नाही. तेच मार्चच्या विषुवदिनाच्या आगेमागे पाहावे: रोज एकेक मिनिट, आणि पंधरवड्यात पाव तास दिवस वाढतो. सूर्य जूनमध्ये माथ्यावर रेंगाळतो, मार्चमध्ये चढणीवर असतो.

हे सारे ऐकून ती गप्प बसली. मग पिशवीतून एक वही काढून म्हणाली, “सर, आणखी एक विचारायचे होते. पण ते भौतिकशास्त्रात बसत नाही.”

वहीत एक कोष्टक होते. उभ्या रकान्यांत शिक्षण, स्वभाव, घरची माणसे, विचार जुळणे, आणि ‘एकत्र वेळ कसा जातो’. आडव्या ओळींत माणसे. नावे नव्हती, आकडे होते. पहिल्याशी तिची वर्गात ओळख झाली आहे आणि हल्ली ज्याला डेटिंग म्हणतात त्या रीतीने दोघे वर्षभर भेटत आहेत; त्याने तिला स्पष्ट विचारलेही आहे. उरलेली स्थळे घरच्यांनी आणलेली. पहिल्याला ७१.४ गुण, तिसऱ्याला ७३.१. आणखी स्थळे येणारच आहेत. “सर्वांत योग्य कोण, हे कळायला किती जण पाहावे लागतील?” असा तिचा प्रश्न. तो मुलगा दोन महिने उत्तराची वाट पाहत आहे, हे तिने जाता जाता सांगितले.

आम्हांला त्या वेळी योहानेस केप्लर आठवला. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे १६०९ साली जगाला सांगणारा तोच हा. १६११ साली त्याची पहिली बायको वारली. घरात लहान मुले, आणि प्राग सोडून लिंझ या ऑस्ट्रियातील गावी नव्या नोकरीवर जावयाचे. दुसरे लग्न करणे भाग होते. या माणसाने तेही ग्रहगणिताइतक्याच कसोशीने केले. त्याने एकामागून एक अकरा स्थळांचा विचार केला आणि त्यांची हकीकत एका सरदार स्नेह्याला पत्राने कळविली. पाचवी मुलगी, सुझाना, त्याच्या मनात भरली होती. ती पोरकी, हुंड्यावाचूनची. म्हणून हितचिंतकांनी नाके मुरडली, आणि केप्लर पुढची स्थळे पाहत राहिला. अखेर तो फिरून पाचवीकडेच आला. १६१३ च्या ऑक्टोबरात त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्याचे वय ४१ होते.

येथवर ही गोष्ट लग्नाची. पुढे ती पिंपांची होते. नव्या संसाराला म्हणून केप्लरने द्राक्षाच्या मद्याची काही पिंपे घेतली. (त्या देशात ते घरखर्चात मोडते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.) विक्रेता एक मापाची काठी घेऊन आला. आडव्या पिंपाच्या पोटाला मधोमध जे भोक असते त्यातून त्याने ती तिरकी आत सारली, खालच्या दूरच्या कडेला टेकवली, काठी कोठवर भिजली ते पाहिले आणि त्यावरून किंमत सांगितली. पिंप आखूड की लांब, पोट केवढे, याची त्याने विचारपूसही केली नाही. पेट्रोलपंपावर टाकीत डिपची काठी घालतात तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पंपाच्या टाकीचा आकार आधी ठाऊक असतो. केप्लरला हे खटकले. तिरकी काठी तेवढीच भिजेल अशी एक लांबलचक, बारीक पिंप करता येईल, आणि तिच्यात मद्य फारच थोडे मावेल. मग हा मनुष्य आपल्याला फसवीत तर नाही?

त्याने गणित मांडले. आम्ही येथे पिंपाचे फुगीर पोट सोडून देतो आणि सरळ नळकांडे धरतो. काठीची लांबी ठरलेली असेल, तर सर्वांत जास्त मद्य कोणत्या आकारात मावेल? उत्तर असे येते की पिंपाची लांबी तिच्या व्यासाच्या सुमारे १.४१ पट असावी. काठी एक मीटर भिजत असेल तर पिंप सुमारे ११५ सेंटिमीटर लांब आणि ८२ सेंटिमीटर व्यासाची. आणि तिच्यात जवळजवळ ६०५ लिटर मावते. मौज अशी की ऑस्ट्रियातील सुतारांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या जी पिंपे घडत आली होती, त्यांचे प्रमाण या उत्तराच्या अगदी जवळपास होते.

पण जवळपास म्हणजे तंतोतंत नव्हे. सुताराचा हात थोडाफार इकडेतिकडे होणारच. तेव्हा केप्लरने पुढची गोष्ट पाहिली, आणि आमच्या मते त्या साऱ्या प्रकरणातले मर्म तेच आहे. काठी तेवढीच ठेवून पिंपाची लांबी शेकडा १० ने चुकवा. मद्य कमी होते फक्त शेकडा दीडने. लांबी शेकडा १ ने चुकवा. तोटा शेकडा दीडचाही शंभरावा भाग. म्हणजे चूक दहापट लहान केली की तोटा शंभरपट लहान होतो. माथ्याच्या दोन्ही बाजूंना घट सुरुवातीला जाणवतच नाही, असे केप्लरने आपल्या पिंपांवरील पुस्तकात नमूद केले. ते पुस्तक १६१५ साली लिंझला छापले गेले, आणि कलनगणिताच्या पूर्वजांत त्याची गणना होते. विक्रेत्याची काठी प्रामाणिक ठरली. अर्थात लांबी दीडपट केली तर शंभरातले चव्वेचाळीस भाग मद्य नाहीसे होते. तेथे काठी शुद्ध फसवणूक करील.

विद्यार्थिनीने विचारले, “मग अकरापैकी पाचवी, हे त्याने गणिताने ठरवले?”

नाही. परंतु त्याच्यानंतर साडेतीनशे वर्षांनी गणित्यांनी या प्रश्नाला हात घातला. १९६० च्या फेब्रुवारीत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात एक कोडे दिले, ते आपल्या भाषेत असे मांडता येईल. शंभर स्थळे एकामागून एक येणार. प्रत्येकाला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणायचे. नाकारलेले परत येत नाही. शंभरांत जे सर्वोत्तम तेच पदरात पडावे, तर काय करावे? उत्तर: पहिली ३७ नुसती पाहून सोडून द्यावीत आणि त्यानंतर त्या सर्वांहून सरस असे जे पहिले येईल त्याला हो म्हणावे. असे केले तर सर्वोत्तम मिळण्याचा संभव शेकडा ३७. अकरा स्थळांसाठी हाच हिशेब केला तर चार सोडावीत आणि पाचव्यापासून निवडीला लागावे असे निघते. केप्लरची पाचवी! योगायोग गमतीचा आहे, अधिक काही नाही.

आता या ३७ ला पाहा. ३७ ऐवजी २५ च सोडली तर संभव सुमारे ३५ होतो. ५० सोडली तरीही सुमारे ३५. येथेही माथा सपाट आहे! मात्र नव्वद पाहीपर्यंत कोणालाच हो म्हणायचे नाही असे ठरवले, तर संभव शेकडा साडेनऊवर घसरतो; दहांनंतरच घाई केली तर साडेतेवीस. घाईपेक्षा अति-विलंब महाग पडतो, हे आमच्या विद्यार्थिनीला अपेक्षित नव्हते.

या कोड्यावर आम्ही फार भिस्त ठेवू नये असेच सांगू. त्यात दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला शून्य किंमत आहे. संसारात असे कोठे असते? त्यात नाकारलेले परत येत नाही. केप्लर तर परतूनच गेला. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की त्यात समोरच्याला बोलण्याचा अधिकारच नाही. पिंप ‘मला तुमच्या घरी यायचे नाही’ असे म्हणत नाही, माणूस म्हणतो. विचारलेल्यांपैकी निम्मे नकार देतील असे धरून हिशेब केला, तर पहिली ३७ ऐवजी २५ सोडून निवडीला लागावे असे उत्तर येते. आपल्याकडे पुष्कळ घरी मुलगी ‘पाहायला’ जाणारे या नकाराचा विचारच करीत नाहीत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

मग आम्ही वहीकडे वळलो. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी उपकरणाचे लघुतम माप विचारतात. मिलिमीटरच्या पट्टीने मोजून कोणी मिलिमीटरचा शंभरावा भाग लिहिला तर वही परत येते. “या कोष्टकाचे लघुतम माप किती?” असे आम्ही विचारले. स्वभावाला तिने १५ पैकी ११ दिले होते. ते १० का नाहीत, १२ का नाहीत? तिने बराच वेळ विचार केला आणि पाचेक गुणांची चूक एकेका रकान्यात होऊ शकेल असे स्वतःच कबूल केले. तर मग ७१.४ आणि ७३.१ यांत काही भेद आहे असे हे उपकरण सांगूच शकत नाही. दोघेही माथ्याच्या सपाटीवर उभे आहेत; त्यांतला उंच कोण ते गुणांवरून काढणे व्यर्थ होय.

येथे एक इशारा दिला पाहिजे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला तो समजायला अडचण नव्हती. प्रत्येक गोष्टीचा माथा सपाट नसतो. रेडिओचा काटा केसभर सरकला की स्टेशन जाते. ते शिखर सुळक्यासारखे. आणि काही गोष्टींना शिखरच नसते, कडा असतो. लिफ्टचा दोर नेहमीच्या भाराच्या दहापट-बारापट भार पेलेल असा घेतात, कारण तेथे थोडक्यात चुकले तर थोडक्यात भागत नाही. तिच्या कोष्टकात असे रकाने नव्हते, ते असावयास हवे होते: हा मनुष्य खोटे बोलतो काय, रागावला तर हात उचलतो काय, लग्नानंतर तुझी नोकरी ‘बघू’ म्हणतो काय, घरचे हुंडा मागतात काय? १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला, तरी तो मागण्याच्या सभ्य तऱ्हा अजून पुष्कळ आहेत. या रकान्यांत गुण द्यावयाचे नसतात. एकाही ठिकाणी ‘होय’ आले की बाकीच्या ९५ गुणांना अर्थ राहत नाही, मग ते स्थळ कोणीही आणलेले असो.

तिने तेथेच बसून प्रत्येक ओळीपुढे हे प्रश्न लिहिले. तिसऱ्याच्या पुढे, ज्याला ७३.१ होते, एका जागी तिची पेन्सिल थांबली. त्याच्या आईने फोनवर फ्लॅटच्या हप्त्यांविषयी काही विचारले होते म्हणे. तिने ती ओळ खोडली नाही, समोर एक प्रश्नचिन्ह केले.

“आणि पहिला?” आम्ही विचारले.

“त्याच्यापुढे सगळीकडे नाही,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “पण सर, पुढे कोणी याच्याहून चांगला आला तर?”

येणे शक्य आहे. केप्लरलाही सहावी ते अकरावी या सहा जणींनी तेच भय घातले असेल. मात्र गणितातील पिंप विकत घेतल्यावर बदलत नाही. माणसे बदलतात, आणि बरीचशी एकमेकांमुळे बदलतात. तो भाग कोणत्याच कोष्टकात आधी येऊ शकत नाही. यापलीकडे आम्हांला सांगता येण्यासारखे काही नव्हते, आणि तसे आम्ही तिला सांगितले.

तिने वही पिशवीत टाकली. पुढच्या रविवारी ती आली ती कुकरचा प्रश्न घेऊन: शिट्टी झाल्यावर आच मंद केली तरी आतले अन्न तितक्याच वेगाने कसे शिजते? तिने त्या मुलाला काय उत्तर दिले ते आम्ही विचारले नाही. कुकरचे उत्तर मात्र सोपे आहे. आतला दाब शिट्टीच्या वजनाने ठरतो, आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. आच वाढविल्याने वाफ जास्त निघते, तापमान वाढत नाही. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करावा.