मांसासाठी गुरांचा संकर : ‘सर्वोत्तम जाती’चा गैरसमज

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या अमेरिकी पशुपालकांमध्ये संकरासाठी कोणता वळू आणावा, याचे एक ठरलेले उत्तर ऐकू येते : सर्वांत चांगल्या जातीचा. ती जात कोणती, हे मात्र काळाप्रमाणे बदलत आले आहे. १९६०च्या दशकाअखेरीस शारोले, सिमेंटल, लिमोझिन अशा युरोप खंडातल्या थोराड जातींची लाट आली. पुढे काळ्या अँगसचे दिवस आले. नाव बदलले तरी त्यामागचा समज तसाच राहिला. जाती एका शिडीवर उभ्या आहेत आणि वरच्या पायरीवरचा वळू आणला की कळप सुधारतो, असा हा समज. या क्षेत्रातल्या गैरसमजांत हाच सर्वांत चिवट आहे आणि सर्वांत महागात पडणाराही.

याची पडताळणी कधीच झाली आहे, म्हणून त्याचा पुनरुच्चार अधिक खटकतो. नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर येथे दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार होते. त्या जागेवर अमेरिकी कृषी खात्याने १९६४ मध्ये मांस देणाऱ्या जनावरांसाठी संशोधन केंद्र सुरू केले. तिथे १९६९ पासून जातींच्या तुलनेचा कार्यक्रम चालला. किथ ग्रेगरी, लॅरी कंडिफ, रॉबर्ट कॉख ही त्यातली प्रमुख नावे. पद्धत साधी पण कष्टाची होती. हेरफर्ड आणि अँगस गायींना वेगवेगळ्या जातींच्या वळूंचे रेतन करायचे, प्रत्येक जातीतून एकच नव्हे तर अनेक वळू घ्यायचे, आणि सगळी वासरे एकाच ठिकाणी, एकाच खुराकावर वाढवायची. खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांचे मांस कापून, मोजून, चाखून तपासले जाई. कालवडी ठेवून घेत आणि त्या माजावर कधी आल्या, विताना त्यांना किती त्रास झाला, वासरे किती वजनाची निघाली, याच्या नोंदी होत. जर्सीपासून कियानिनापर्यंत आणि साहिवाल, ब्राह्मनपासून वाग्यूपर्यंत अनेक जाती एकामागून एक फेऱ्यांत तपासल्या गेल्या. दोन वेगळ्या शेतांवरची जनावरे शेजारी ठेवून केलेली तुलना इथे उपयोगाची नसते, कारण चारा, हवा आणि सांभाळणाऱ्याचा हात यांचा फरकही जातीच्या खात्यावर जमा होतो.

या नोंदींतून शिडी निघाली नाही, निघाली ती देवाणघेवाण. शारोले, कियानिना यांची संकरित वासरे झपाट्याने वाढली आणि त्यांच्यापासून विकण्याजोगे मांस अधिक मिळाले. पण जन्मतः ती जड होती, त्यामुळे गाई अडण्याचे प्रमाण वाढले. जर्सीची वासरे लहान भरली, मात्र गाई सुलभ व्यायल्या, कालवडी लवकर माजावर आल्या आणि मांसात चरबीची जाळी चांगली विणली गेली. अमेरिकी बाजारात प्राइम, चॉइस या प्रती मुख्यतः याच जाळीवर, म्हणजे मार्बलिंगवर ठरतात. अडचण अशी की मार्बलिंगमध्ये पुढे असलेल्या जाती लाल मांसाच्या प्रमाणात सहसा मागे असतात, आणि उलटही तसेच. साहिवाल आणि ब्राह्मन यांच्या संकरित कालवडी उशिरा वयात आल्या. पण गाय म्हणून त्या विताना क्वचितच अडल्या आणि त्यांनी भरदार वासरे वाढवली. त्याच संकरातल्या गोऱ्ह्यांचे मांस मात्र तुलनेने चिवट निघाले. यातली श्रेष्ठ जात कोणती, हे वजनाच्या काट्यावर वेगळे ठरते, गोठ्यात वेगळे आणि ताटात वेगळे.

चारा बदलला की क्रमही बदलतो. याच केंद्रातल्या जेन्किन्स आणि फेरेल यांनी नऊ जातींच्या गाई कमी-अधिक खुराकावर ठेवून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुटपुंज्या खुराकावर रेड पोलसारखी मध्यम आकाराची जात कार्यक्षम ठरली, तर मुबलक खुराकावर युरोपातल्या मोठ्या जाती पुढे गेल्या. कारण समजण्यासारखे आहे. मोठ्या आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईला नुसते जगायलाच अधिक चारा लागतो. तो मिळाला नाही तर ती आधी स्वतःचे अंग वाचवते, माजावर येण्याचे लांबवते आणि पुढचे वेत हातचे जाते. कोरड्या कुरणावर थोराड जातीचा वळू सोडून पाच वर्षांनी भाकड गाई मोजत बसणे, ही या गैरसमजाची ठरलेली किंमत आहे. तो वारंवार खोडून काढायचा तो यासाठीच.

हवामानाचा प्रश्न तर एकाच जातीच्या आतही उभा राहतो. मोंटाना राज्यातले माइल्स सिटी आणि फ्लोरिडातले ब्रुक्सव्हिल यांच्यात हेरफर्ड कळपांची अदलाबदल करून पाहिली गेली. थंडीतला कळप थंडीत आणि दमट उष्णतेतला कळप त्याच हवेत सरस ठरला. दोन्ही कळप शुद्ध हेरफर्डच होते. एका जातीतल्या वळूंमध्ये जितका आनुवंशिक फरक असतो, तितकाच साधारणपणे जातीजातींत दिसतो, हा क्ले सेंटरचा निष्कर्षही इथेच लक्षात घ्यावा लागतो. चांगल्या जातीचा सुमार वळू हा सुमार वळूच असतो.

शिवाय जाती स्थिर राहत नाहीत. पहिल्या फेरीत, १९७०च्या दशकाच्या आरंभी, युरोप खंडातल्या जाती अँगस-हेरफर्डपेक्षा वाढीत स्पष्टपणे पुढे होत्या. शतकाच्या अखेरीस तीच तुलना पुन्हा केली तेव्हा ब्रिटिश जातींनी वाढीतले अंतर जवळपास भरून काढले होते. अनेक पिढ्या वजनासाठी वळू निवडल्याचा तो परिणाम होता. अँगस म्हणजे लहानखुरी, काटक गाय, हे वर्णन आजच्या अँगसला लागू पडेलच असे नाही. जुन्या कीर्तीवर वळू विकत घेणारा पन्नास वर्षांपूर्वीचे जनावर विकत घेत असतो.

श्रेष्ठ जातीच्या शोधात संकराचा खरा लाभ नजरेआड होतो. नेब्रास्कातच फोर्ट रॉबिन्सन येथे हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या तीन जुन्या ब्रिटिश जातींवर प्रयोग झाले. रेतनासाठी ठेवलेल्या दर गाईमागे दूध तोडताना मिळणारे वासराचे वजन संकरामुळे सुमारे २३ टक्के वाढले. यासाठी कोणतीही नवलाईची जात आणावी लागली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या वाढीतला जवळपास दोन-तृतीयांश वाटा आई संकरित असण्याचा होता. गाभण राहणे, वासरू जगणे, गाय अधिक वेते टिकणे, अशा गोष्टींत संकरजोम, म्हणजे आई-बापांच्या जातींच्या सरासरीहून संकरित संततीत दिसणारी वाढीव क्षमता, सर्वाधिक दिसतो. निवडीने नेमक्या याच गोष्टी फार हळू सुधारतात. मार्बलिंगसारख्या गुणांवर संकरजोमाचा प्रभाव नगण्य असतो. तिथे वळूची निवडच कामाला येते. ‘संकर केला की मांस सुधारते’ हे विधान म्हणूनच अर्धवट आहे.

‘एकदा संकर झाला की जोम कायमचा आला’ हेही खरे नाही. पहिल्या पिढीतले संकरित नर-मादी आपसांत जुळवले की निम्मा जोम ओसरतो. दोन जातींचे वळू आलटून-पालटून वापरल्यास कालांतराने ६७ टक्के जोम टिकतो, तीन जाती फिरत्या ठेवल्यास ८६ टक्के. पुढे जाती वाढवत नेल्या तर लाभ अल्प आणि कळपाचा गोंधळ मोठा.

‘काळे जनावर म्हणजे अँगस’ हा समज बाजारानेच पोसला. १९७८ पासून चालणारी ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ ही योजना जनावराची पात्रता ठरवताना कातडी मुख्यतः काळी आहे का, हे पाहते. सिमेंटल, लिमोझिन, गेल्बफी यांच्यातही काळे वाण तयार झाले आहेत. काळा रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो. मार्बलिंग अनेक जनुकांवर अवलंबून असते. रंगासारखाच गैरसमज अंगकाठीबद्दलही आहे. बेल्जियन ब्लू आणि पीडमाँटीज यांचे फुगीर स्नायू खास खुराकाने येत नाहीत; मायोस्टॅटिन या जनुकातला दोष त्याला कारण आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. आकडेही असेच फसवतात. दोन जातींच्या नोंदवह्यांतले ईपीडी, म्हणजे संततीतल्या अपेक्षित फरकाचे आकडे, थेट शेजारी ठेवून सहसा तुलना करता येत नाही; क्ले सेंटरने त्यासाठी जातवार दुरुस्ती-गुणांक काढले आहेत.

ब्राह्मन ही शुद्ध भारतीय जात असल्याचेही सर्रास सांगितले जाते. ती घडली अमेरिकेत, गीर, कांक्रेज, ओंगोल आणि सांगली-कोल्हापूरपासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली या गुरांच्या मिश्रणातून. तिच्या संकराला नुसते ‘ब्राह्मन संकर’ म्हणून भागत नाही. वळू ब्राह्मन आणि गाय युरोपीय असेल तर वासरू जन्मतः जड असते. गाय ब्राह्मन आणि वळू युरोपीय असेल तर तेच मिश्रण हलके जन्मते आणि गाय सहज विते.