घराण्यातील साखर आणि व्यायामाचे फळ

“डॉक्टर, आमच्या घराण्यातच साखर आहे, मुलाला पळवून काय होणार?” पेडणे-डिचोलीकडील पालकांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.-इंडियाब सर्वेक्षणात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. तेव्हा या प्रश्नाची बोळवण नुसत्या उपदेशाने करणे योग्य नव्हे.

स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लूट-४ नावाचे वाहक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागी येते आणि इन्शुलीनच्या साहाय्याविनाही शर्करा आत शिरते. पुढे साधारण एक-दोन दिवस स्नायू इन्शुलीनला अधिक संवेदनशील राहतात. परंतु हा लाभ सर्वांना सारखा होत नाही. उत्तर अमेरिकेतील ‘हेरिटेज’ कुटुंब-अभ्यासात आईवडील व मुलांनी २० आठवडे सायकल-यंत्रावर व्यायाम केला. इन्शुलीन-संवेदनशीलता सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वाढली. कित्येकांत मात्र ती मुळीच वाढली नाही. यात मोजमापातील चढउतारही असतात. तरी एफएचएल-१ या जनुकातील भेदांशी या फरकाचा संबंध दिसला. अर्थात जनुक तपासून व्यायाम लिहून देण्याइतके आपले ज्ञान अद्याप पुढे गेलेले नाही.

शिवाय वारसा केवळ जनुकांचा नसतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात ग्रामीण नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली व स्नायूंनी उणी आढळली. मातेच्या पोषणाचा ठसाही असा पुढील पिढीवर उमटतो.

मग व्यायाम व्यर्थ का? मुळीच नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात धोक्याच्या उंबरठ्यावरील प्रौढांना आहार व चालण्याचा सल्ला दिला गेला. त्यांचे वजन फारसे घटले नाही. मधुमेहाचा धोका मात्र २८.५ टक्क्यांनी घटला. वजनकाटा हलला नाही म्हणून फळ मिळाले नाही, असे मानू नये.

म्हणून त्या पालकांना मी सांगतो : घराण्यात साखर आहे, म्हणूनच मुलाला रोज तासभर मैदानावर सोडा, शिकवणी थोडी मागे सरली तरी चालेल, आणि संध्याकाळी त्याच्यासोबत आपणही चाला. आपण डॉक्टरांनीही लसीकरणाच्या भेटीतच आजी-आजोबांच्या मधुमेहाची चौकशी करावी, थोराड मुलाच्या मानेवरील काळसर, मखमली पट्टा मळ समजून सोडू नये. वारसा बदलता येत नाही. त्याची वेळीच दखल घेणे मात्र आपल्या हाती आहे.