सेन्सेक्स वर गेला, म्हणजे नेमकं काय झालं?



रोज संध्याकाळच्या बातम्यांत आपण ऐकतो, "सेन्सेक्स ५०० अंकांनी वधारला", "निफ्टी घसरला". पूर्वी ही बातमी लागली की आपण भाकऱ्या थापायला उठायचो. आता मोबाइल हातात आलाय, घरातल्या मुलांनी डीमॅट खाती उघडली आहेत. मग गटाच्या बैठकीत एखादी ताई विचारते, "बाजार वर चाललाय म्हणतात, तर गटाचे पैसे तिकडे लावले तर?" उत्तर द्यायच्या आधी हा सेन्सेक्स काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते बघू.

लासलगावचा कांदा बाजार डोळ्यांसमोर आणा. दिवसभर ट्रॉल्या येतात, प्रत्येकीला वेगळा भाव मिळतो. शेवटी जाहीर होतं, किमान इतका, कमाल इतका, सरासरी इतका. समजा, सरासरी क्विंटलला १,५०० निघाली. म्हणून तुमच्या ट्रॉलीला १,५०० मिळालेच असं नाही. एखादीला ९०० वर समाधान मानावं लागतं.

सेन्सेक्स आणि निफ्टी हेही असेच एकंदर बाजाराचा कल सांगणारे आकडे. त्यांना निर्देशांक म्हणतात. सेन्सेक्स मुंबई शेअर बाजाराचा, त्यात ३० मोठ्या कंपन्या. निफ्टी राष्ट्रीय शेअर बाजाराचा, त्यात ५०. बाजारात कंपन्या हजारोंनी आहेत. त्यामुळे सेन्सेक्स चढला तरी तुमच्या हातातला शेअर त्याच दिवशी पडू शकतो.

या ३० कंपन्यांचं वजनही सारखं नसतं. ज्या कंपनीच्या विक्रीला मोकळ्या असलेल्या शेअरची एकूण किंमत जास्त, तिचं वजन जास्त. मालकाने स्वतःकडे राखलेले शेअर त्यात धरत नाहीत, जसा चाळीत ठेवलेला कांदा आजच्या आवकेत धरत नाहीत. म्हणून कधी कधी दोन-चार मोठ्या कंपन्या चढतात, बाकीच्या उतरतात, तरी बातमी येते, "सेन्सेक्स वर!"

आता अंकांचं बघू. अंक म्हणजे रुपये नव्हेत. १९७८-७९ सालच्या भावांना १०० धरून सेन्सेक्स मोजतात. समजा आज तो ८०,००० वर आहे आणि ५०० ने पडला. ऐकायला मोठं वाटतं. पण ८,००० च्या शेळीमागे ५० रुपये कमी झाले, तर जेवढं होईल तेवढंच ते आहे. शंभराला एक रुपयाही नाही. म्हणून अंक ऐकून घाबरू नका, हुरळूनही जाऊ नका. किती टक्के, ते विचारा.

खरी पडझडही होते. करोनाच्या वेळी, २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला. म्हणजे त्याच शेळीमागे हजारावर रुपये गेले. २००८ च्या जानेवारीत तो २१,००० वर पोहोचला होता, ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला. पुन्हा २१,००० दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. ज्यांना थांबता आलं, त्यांचं भरून निघालं. पण मधल्या काळात ज्यांच्या घरी लग्न किंवा दवाखाना निघाला, त्यांना तोट्यात विकावं लागलं.

आणखी एक गोष्ट. निर्देशांकातल्या कंपन्या बदलत राहतात. सत्यम ही कंपनी सेन्सेक्समध्ये होती. जानेवारी २००९ मध्ये हिशेब खोटे असल्याचं संस्थापकानेच कबूल केलं आणि शेअर मातीमोल झाला. सेन्सेक्सने तिला काढून दुसरी कंपनी घेतली आणि पुढे गेला. ज्यांच्याकडे फक्त सत्यमचेच शेअर होते, त्यांचे पैसे मात्र बुडाले. म्हणून एकाच कंपनीवर सगळा भार टाकू नये. निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारे म्युच्युअल फंड असतात, त्यांना इंडेक्स फंड म्हणतात. त्यांचा खर्च कमी असतो. पण बाजार पडला की तेही पडतात, हे विसरू नका.

आता त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर. गटाचा पैसा बाजारात नको. तो दहा जणींचा आहे, आणि कोणाला बियाण्यासाठी, कोणाला बाळंतपणासाठी तो उद्याच लागू शकतो. दोन-तीन वर्षं थांबा, असं तिला सांगता येणार नाही. स्वतःचा पैसा गुंतवायचा तर कर्ज काढून नको, आणि पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही एवढाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी "महिन्यात दुप्पट, खात्रीने" म्हणालं, तर तिथेच थांबा. शेअर बाजारात खात्रीचा नफा कोणी देऊ शकत नाही. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, ते बघा. सेबी म्हणजे या बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, अगदी ओळखीच्या माणसालाही.

पुढच्या बैठकीत एक करा. त्या दिवशीची सेन्सेक्सची बातमी घ्या, किती टक्के वर किंवा खाली ते सगळ्यांनी मिळून काढा. वहीत व्याजाचा हिशेब करता येणाऱ्या आपल्याला हेही जमणारच.