मेल्कच्या मठाचा गवंडी

भव्य वास्तु दृष्टीस पडली कीं, ती बांधविणाऱ्याचें नांव आपण विचारतों, बांधणाऱ्याचें क्वचितच. ऑस्ट्रियांत डॅन्यूब नदीच्या कांठीं, मेल्क येथील उंच कड्यावर, बेनेडिक्टीन पंथीयांचा मठ आहे. त्याचा कर्ता याकोब प्रांटाउअर हा १६६० सालीं टायरोल प्रांतांतील एका डोंगरी खेड्यांत जन्मला व गवंडीकाम शिकला. व्हिएन्नाच्या दरबारी स्थपतींचा मान त्यास नव्हता. जातीनें कामावर उभें राहावें, ही त्याची रीत.

१७०२ सालीं तरुण मठाधिपति बेर्थोल्ड डीटमायर यांनीं मेल्कचें काम त्याच्यावर सोंपविलें. जागा मोठी अवघड. खडक लांब, पण अरुंद. दक्षिणेची बाजू त्यानें सुमारें २४० मीटर सरळ नेली. पश्चिमेस मात्र दोन दालनें प्रार्थनामंदिराच्या पुढें काढून तीं बाकदार सज्ज्यानें जोडलीं, आणि सज्ज्याखालीं मधोमध उंच कमान मोकळी ठेविली. त्यामुळें नदीकडून येणाऱ्यास मंदिराचें मुख झांकलें न जातां चौकटींत बसविल्यासारखें दिसतें. सबंध इमारतींत खरी प्रतिभा ती हीच. आंतील सोनेरी झगमगाटानें डोळे लवकर थकतात.

१७२६ सालीं प्रांटाउअर वारला, तेव्हां काम अपुरेंच होतें. त्याचा भाचा योझेफ मुंगेनास्ट यानें तें १७३६ पर्यंत तडीस नेलें. दोनच वर्षांनीं आग लागली, आणि मनोऱ्यांचीं शिखरें पुन्हा नव्यानें उभारावीं लागलीं.